आखाजीचा बार छापून आला

निमखेड्याच्या तानुबाईला शिव्या फार चांगल्या येत. ही काही तिची निंदा नव्हे. एखादीचे मांडे पातळ होतात, एखादीचा गळा गोड असतो, तशी तिच्या अंगी ही विद्या होती आणि गावाला तिचं कौतुक होतं. वर्षभर ती विद्या झाकलेली असे. डोक्यावरचा पदर ढळायचा नाही, चारचौघांत आवाज चढायचा नाही. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी बाया गौराई बोळवायला खारी नदीवर गेल्या, की ह्या काठाला निमखेड्याच्या आणि त्या काठाला बोरटेकच्या अशा दोन फळ्या उभ्या राहत, आणि मग जे सुरू होई त्याला बार म्हणत.

बारात शिव्या द्यायच्या, पोटभर द्यायच्या, अधूनमधून ओल्या मातीची ढेकळं फेकायची. मेलेल्याचं नाव काढायचं नाही आणि कुणाच्या रिकाम्या कुशीवर बोलायचं नाही, एवढं पाळलं की बाकी रान मोकळं. दिवस कलला की दोन्हीकडच्या बाया घोटाभर पाण्यात उतरत, एकमेकींच्या कपाळावरची टेंगळं बघून हसत, आणि दिलेल्या लेकींची विचारपूस सुरू होई. कारण निमखेड्याच्या निम्म्या सुना बोरटेकच्या, आणि बोरटेकच्या निम्म्या निमखेड्याच्या. जिला शिवी घालायची ती मावशी, आत्या, नाहीतर सख्खी बहीणच निघायची. परक्या बाईला शिवी देण्यात काय गोडी?

सत्तेचाळीस साली तर तानुबाईची चंगळच होती. तिच्या कुंदाची सुपारी बोरटेकच्या लीलाधरशी फुटली होती. आखाजीनंतर थोड्याच दिवसांनी, एका सोमवारी, लग्न धरलं होतं. आणि लीलाधरची आई भागाबाई ही पलीकडच्या फळीची म्होरकी. खानदेशात विहिणीला याहीन म्हणतात आणि लेकीला आंडेर. होणारी याहीन अशी थेट समोर मिळायला भाग्य लागतं.

"ए भागी," तानुबाईने पदर खोचून सुरुवात केली, "तुना हातनी भाकर कुत्रं हुंगस नि मांगे सरकस."

"सरकू दे," भागाबाई पलीकडून म्हणाली. "तुनी आंडेर उनी म्हंजे ती करी भाकर. पन तिले भाकर येस का? तू तिले नुसतं तोंड चालाडानं शिकाडं."

कुंदा मागे उभी होती. ती लाजून लाल झाली आणि तिच्या मैत्रिणींनी तिला चिमटे काढून आणखी लाल केलं. भागाबाईचं एक ढेकूळ तानुबाईच्या कपाळावर फुटलं, तानुबाईचं भागाबाईच्या खांद्यावर. बार अगदी रंगला.

आता ह्यात राजकारण कुठून आलं? तर ते धुळ्याहून सायकलवर आणि अमळनेरहून टांग्यात बसून आलं.

इंग्रज जाणार हे ठरल्यात जमा होतं, आणि तो गेल्यावर खानदेश कुठे जाणार ह्यावरून शहरातली माणसं हमरीतुमरीवर आली होती. धुळ्याच्या 'रणशिंग' साप्ताहिकाला संयुक्त महाराष्ट्र हवा होता, आणि तो उद्याच्या उद्या. जळगावच्या 'समतोल'चं म्हणणं असं, की मुंबई इलाखा आहे तसा बरा आहे, आपला कापूस मुंबईलाच जातो, गुजराथ्यांशी वाकडं कशाला. दोन्हीकडे थोडंफार तथ्य असावं. पण पेपर वाचून ते कळायला मार्ग नव्हता. 'रणशिंग'च्या लेखी 'समतोल' म्हणजे गुजराथचा हस्तक, आणि 'समतोल'च्या लेखी 'रणशिंग' म्हणजे हुल्लडबाजांचा भोंगा. खारी नदी ही पश्चिम आणि पूर्व खानदेशाची हद्द, त्यामुळे निमखेड्याला टपालाने धुळ्याचा पेपर येई आणि बोरटेकला जळगावचा. नदीला स्वतःला ही हद्द ठाऊक नव्हती. गावांनाही ती शेतसारा भरायच्या वेळेपुरतीच आठवे.

आखाजीला माणसं घरी असतात, सभा भरतील, असा हिशेब दोन्ही पेपरवाल्यांनी केला. शहरातल्या माणसाचा हिशेब हा असाच. निमखेड्याच्या सभेला अध्यक्ष म्हणून तानुबाईचा नवरा अभिमन ह्याला बसवलं, आणि त्याच वेळी बोरटेकच्या सभेला लीलाधरचा बाप गिरधर ह्याला. दोघंही साधे कापूसवाले शेतकरी. खुर्चीवर बसायला मिळतंय म्हणून बसले. पण आखाजीचा दिवस म्हणजे गड्यांनी उघड्यावर पत्ते कुटायचा दिवस. एरवी बाप कानफटात मारील, त्या दिवशी बापच पत्ते पिसतो. झाडाझाडाखाली डाव रंगले होते, बाया नदीवर होत्या. अभिमनच्या सभेला 'रणशिंग'वाले पंत स्वतः, अभिमन आणि ठार बहिरा उखर्डूबाबा एवढेच हजर होते. बोरटेकला 'समतोल'वाल्या मास्तरांची तर उखर्डूबाबाच्याही अभावी गैरसोय झाली.

पेपराचा रकाना काही रिकामा सोडता येत नाही. तेवढ्यात नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. पंत ह्या काठाच्या बाभळीआड येऊन उभे राहिले, मास्तर त्या काठाच्या. ढेकळं उडताना दोघांनी पाहिली. बाया पाण्यात उतरून हसायच्या आत दोघंही परतीच्या वाटेला लागले होते.

चार दिवसांनी पारावर झुलालभाऊने पेपर उघडला. चौथी पास आणि आवाज खणखणीत, म्हणून वाचनाचं काम त्याच्याकडे. तानुबाई शेजारच्या ओट्यावर डाळ निवडत होती.

"खारीकाठी वीरांगनांवर भ्याड हल्ला," झुलालने वाचलं. "अध्यक्ष श्रीयुत अभिमन पाटील यांच्या ज्वलंत भाषणाने पेटून उठलेल्या भगिनी मोर्चाने नदीवर गेल्या असता, गुजराथचे हस्तक गिरधर पाटील यांच्या चिथावणीने पैलतीरावरून दगडांचा वर्षाव झाला. अध्यक्षांच्या सुविद्य पत्नी सौभाग्यवती तानुबाई यांच्या कपाळातून रक्ताची धार लागली असताही, त्यांच्या मुखातून संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे हीच गर्जना निघत होती."

तानुबाई इतकी हसली की डाळीचं सूप कलंडलं. तिच्या मुखातून त्या वेळी काय निघत होतं ते तिला चांगलं आठवत होतं, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, कुत्रं होतं. गिरधर तर जन्मात अमळनेरच्या पलीकडे गेला नव्हता. त्याला गुजराथने हस्तक कधी नेमला?

पारावरही माणसं हसली. पण अभिमन हसला नाही. त्याने झुलालच्या हातातून पेपर घेतला, आपलं नाव कुठे आहे तिथे बोट ठेवायला लावलं, आणि मग तो कागद घडी करून फेट्यात खोवला. छापलेलं नाव त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत आपण खरंच ज्वलंत भाषण केलं होतं असं त्याला वाटायला लागलं. सूर्य मावळेतो त्यातली दोनचार वाक्यंही आठवली.

इथवर सगळं गमतीत निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोरटेकहून 'समतोल' आणला. त्यात लिहिलं होतं, की शांतपणे गौरीपूजन करणाऱ्या बोरटेकच्या भगिनींवर हुल्लडबाजांनी हल्ला चढवला. भाडोत्री अध्यक्ष अभिमन पाटील याने त्यांना फूस दिली. आणि सौभाग्यवती भागाबाईंचा धीरोदात्त बाणा पाहताच तानुबाई नामक स्त्रीने पळ काढला.

"भाडोत्री," अभिमन म्हणाला. तो शब्द त्याने दोनतीनदा तोंडात घोळवला आणि दर वेळी तो जास्त कडू लागला. "मी भाडोत्री शे? गिरधरनी सांगाबिगर पेपरवालाले काय सपन पडनं?"

"तो बार व्हता," तानुबाई म्हणाली. "दरसालना बार. ल्हानपनपासून देखी ऱ्हायनात तुम्ही."

"बार व्हता त मंग पेपरमा काबर उनं?"

"पेपरवालाले काय ठाऊक?"

"तो शिकेल मानूस शे. तू शिकेल शे का?"

तिकडे बोरटेकला गिरधरही 'गुजराथचा हस्तक' हे शब्द चघळत बसला होता आणि हे अभिमननेच सांगितलं असणार म्हणत होता. दोन दिवसांत दोन्हीकडून निरोप गेले. गिरधरने 'समतोल'मध्ये चूक झाली म्हणून खुलासा छापावा, मग लग्न. अभिमनने 'रणशिंग'मध्ये खुलासा छापावा, मग लग्न. पहिला खुलासा कोणी छापायचा ह्यावर दोन्ही गावं अडून बसली. कालपर्यंत जे हसत होते तेही आता म्हणू लागले, की आखाजीला ढेकळांत दगड होते खरे, आम्हालाही तेव्हाच शंका आली होती. निमखेड्याच्या माणसाने नदी ओलांडायची नाही, पलीकडच्याशी बोलायचं नाही असं पंचांनी ठरवलं. कुंदाने जेवण टाकलं. ती नुसती हळदीसाठी आणलेल्या पाटाकडे बघत बसायची, आणि ते बघून तानुबाईच्या काळजाचं पाणी व्हायचं.

एकवीरेचा नवस आहे असं सांगून ती जाऊ भिकुबाईला घेऊन निघाली. सोनगीरपर्यंत पायी, तिथून सर्व्हिस मोटारीने धुळ्याला. एकवीरेला नमस्कार केला, तेवढं खोटं देवीने पदरात घेतलं असावं, आणि दोघी विचारत विचारत 'रणशिंग'च्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या.

पंत भला माणूस होता. हे सांगायला हवं, कारण तो लबाड असता तर सोपं झालं असतं. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, तानुबाईला 'माई' म्हटलं. तिने जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. दादा, तो खेळ शे. आम्हना दरसालना खेळ. ती भागाबाई मनी याहीन व्हनार शे. तुम्हना पेपरपाई मनी आंडेरनं लगीन मोडी ऱ्हायनं. एवढं लिखा. पंत ऐकता ऐकता लिहीत होता. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "माई, शब्दन्‌ शब्द छापतो," तो म्हणाला.

शब्दन्‌ शब्द छापला, ह्यात शंका नाही. "वीरांगना 'रणशिंग' कार्यालयात," झुलालने पुढच्या अंकातून वाचलं. "कपाळीची जखम अद्याप ओली असताही माईंच्या मुखावर हास्य होते. 'दादा, तो आमचा खेळ आहे,' त्या सहज उद्गारल्या. मरणालाही खेळ समजणाऱ्या ह्या खानदेशकन्येपुढे शत्रूचे काय चालणार? शत्रूच्या कारस्थानापायी पोटच्या कन्येचा विवाह मोडत असताही ही माता डगमगलेली नाही."

पार टाळ्यांनी दणाणला. अभिमनने तोही कागद फेट्यात खोवला. तानुबाई ओट्यावर उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचली नाही. खरं बोलावं तर ते असं होतं, खोटं बोलावं तर छापलेलंच आहे. तिला रडू आलं. रागाचं आलं, पण आलं. पुढे कळलं, की भागाबाईही जळगावला जाऊन आली होती, आणि 'समतोल'ने लिहिलं होतं की निमखेड्याच्या दहशतीमुळे त्या मोकळेपणाने बोलू शकल्या नाहीत.

सोमवार तीन दिवसांवर आला. त्या सकाळी तानुबाईने नवऱ्याच्या पुढ्यात भाकर ठेवली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मी पळी गऊ, आसं छापेल शे ना त्या पेपरमा?"

अभिमनचा घास थांबला.

"बठ्ठा मुलुख वाचस," ती म्हणाली. "अध्यक्षनी बायको पळी गई."

"मंग जाय," अभिमन ताडकन म्हणाला. "नदी ओलांडू नको. पन ह्या काठवर उभी ऱ्हाय नि दाखाड तिले."

तिला तेवढंच हवं होतं. बोलायला बंदी होती. शिव्या द्यायला कोणत्याच गावाने, कोणत्याच पेपराने बंदी केली नव्हती, उलट त्याचीच सगळ्यांना हौस होती. तासाभरात निमखेड्याच्या बाया काठावर गोळा झाल्या. ह्या वेळी गडीही पाठोपाठ आले, काठ्या घेऊन आले. आखाजीला गडी कधी बाराकडे फिरकत नसत. पलीकडे भागाबाईला कोणी बोलवायला जावं लागलं नाही. हाक गेली आणि ती उभीच, मागे बोरटेकच्या बाया, त्यांच्या मागे गिरधर आणि काठीवाले.

"ए भागी," तानुबाई म्हणाली. "मी पळी गऊ म्हंस तुना पेपर. तुना पोऱ्यामा हिम्मत व्हई त सोमवारे तिसरा पहारले मना दारमा उभा करी दाखाड. मी पळस का तो पळस, ते बठ्ठं गाव देखी."

भागाबाईने पदर खोचला. नदीच्या रुंदीएवढ्या अंतरावरूनही तानुबाईला तिचं हसू दिसलं.

"उभा करसू," भागाबाई म्हणाली. "घोडावर बसाडीसन उभा करसू. नि बठ्ठं बोरटेक संगे लई येसू. तुना घरना आमरस संपाडाबिगर एक मानूस उठावू नही."

"तुमना पोटमा जागा कोठे शे? उपाशी घरना लोके तुम्ही, दुसरी वाटीले आडवा पडशात."

"आडवा पडसूत त तुना मांडवमाच पडसूत. नि जातांना तुनी आंडेर उचली लई जासू. अडावाले कोन येस, देखसूच."

"लई जाय. मी अडावस का? सात जलम तुले पुरी उरी असी आंडेर शे ती. तुनं तोंड बंद नही करं त माले सांग."

बायांना पहिल्याच वाक्याला उमगलं होतं. भिकुबाईने तोंडात पदर कोंबला. गड्यांना असल्या गोष्टी समजायला जरा वेळ लागतो. ते माना डोलावत होते, वा, हाणली, म्हणत होते, आणि मग एकेकाच्या ध्यानात यायला लागलं की आपल्या देखत लग्नाचा मुहूर्त, मानपान आणि पंगत ठरून गेली आहे. पण आता करता काय? दोन्ही गावांसमोर आव्हान दिलेलं, दोन्ही गावांसमोर उचललेलं. यायचं नाही म्हणणारा पळपुटा, येऊ देणार नाही म्हणणारा त्याहून पळपुटा. गिरधर अभिमनकडे बघत होता, अभिमन गिरधरकडे.

"येवू द्या त्यास्ले," शेवटी अभिमन मोठ्याने म्हणाला, आणि फेटा सारखा केला. "आपन काय भेतस का? आंबा आना. गाडं भरीसन आना."

सोमवारी बोरटेक चाल करून यावं तसं वाजतगाजत आलं. लीलाधर घोड्यावर, मागे साऱ्या गावाचे गडी, कंबर कसून. निमखेड्यानेही कसर ठेवली नाही. एकेकाच्या ताटात आमरस असा ओतला की दुसरा असता तर वैद्याकडे गेला असता. कोण आधी नको म्हणतो ह्यावर दोन्ही गावांची अब्रू लागली होती. शेवटी दोघे तिघे खरोखरच मांडवात आडवे झाले, आणि कोणत्या गावचे जास्त ह्यावर बराच वाद चालला. अभिमन आणि गिरधर याहीभेटीला एकमेकांच्या गळ्यात पडले तेव्हा दोघांनाही हुंदका आला. खुलासा कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही.

'रणशिंग'ने लिहिलं, शत्रू वरात घेऊन शरण आला. 'समतोल'ने लिहिलं, विजयी मिरवणूक हद्द ओलांडून गेली. ह्या खेपेला पारावर फारसं कोणी ऐकलं नाही. कपाशीच्या रानांत नांगर फिरत होते.

आठवड्याने कुंदा पहिल्यांदा माहेरी आली. हातात हिरवा चुडा, गाल वर आलेले. तानुबाईने तिला चुलीजवळ बसवून घेतलं आणि खोदून खोदून विचारलं. सासू कशी? सासू झकास, माय, दिवसभर तुना आवाज काढी दाखाडस नि बठ्ठास्ले हासाडस. लीलाधर? कुंदाने मान खाली घातली, म्हणजे तेही झकास.

"आनि सासरा?"

"आबा तर देव मानूस शे," कुंदा म्हणाली. तिला त्याचं कौतुक सांगायचं होतं, म्हणून ती सरसावून बसली. "पहिलाच दिन माले जवळ बठाडं नि म्हने, पोरी, त्या निमखेडाना लोके कसा बी ऱ्हावोत, तू आते आमनामा उनी. तुले आठे कोनी काही बोलावू नही."

तानुबाईने चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं. गिरधरची आई निमखेड्याची. ह्याच गल्लीतली. लहान असताना प्रत्येक आखाजीला तो इथे येऊन राहायचा, अभिमनच्या खांद्याला खांदा लावून चिंचा पाडायचा, आणि तानुबाई नवी नवरी म्हणून गावात आली तेव्हा तिला 'वयनी' म्हणून पहिली हाक त्यानेच मारली होती. त्याला निमखेड्याचे लोक आता 'ते लोक' झाले होते, आणि हे त्याने रागाने म्हटलं नव्हतं, सुनेच्या डोक्यावर हात ठेवून मायेने म्हटलं होतं.

"काय व्हयनं, माय?" कुंदाने विचारलं.

काही नाही, असं तानुबाई म्हणाली. तो वाईट बोलला असता तर तिने उद्याच काठावर जाऊन दामदुपटीने परत केलं असतं. पण तो चांगलं बोलला होता, आणि ह्याला काय उत्तर द्यायचं ते तिला काही केल्या सुचेना.